हिरवा दिवा खोटं बोलतो तेव्हा!

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू.

वीज खातो, वीजच वाढतो,
एकच डोळा, रंग बदलतो,
काम करताना गरम होतो,
रुसला तर गाडी अडवतो!

ओळखलंत? बरोबर, चार्जर! चार्जर मोबाईललाही असतो, पण आज आपण बोलणार आहोत त्याच्या थोरल्या भावाबद्दल. म्हणजे ई-बाईकसोबत येणाऱ्या त्या जड डब्याबद्दल. गाडी पायडल असलेली सायकल असो नाहीतर बिनआवाजाची स्कूटर, हा डबा नसेल तर ती जागची हलत नाही.

आता तुमच्या गल्लीतच बघा ना. कुणाची ताई ई-बाईकवरून कॉलेजला जाते, कुणाचे बाबा कामावर जातात, कुणाचा काका दिवसभर घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवतो. अशा घरात सकाळी कळलं की रात्रभर लावलेली बॅटरी भरलीच नाही, तर काय गोंधळ उडतो! काकाची तर त्या दिवसाची कमाईच बुडते. मग घाई होते. घाईत कुणी म्हणतं, "शेजारून चार्जर आण." कुणी म्हणतं, "स्क्रू ड्रायव्हर दे इकडे, उघडून बघतो." खरा धोका सुरू होतो तो इथेच.

म्हणून आज एक गोष्ट नीट समजून घेऊ. बिघडलेले चार्जर दोन प्रकारचे असतात. एक मुका आणि एक खोटारडा. मुका चार्जर काहीच करत नाही, आपला खोळंबा तेवढा करतो. खोटारडा चार्जर मात्र काम करतोय असं दाखवतो आणि करतो भलतंच. मुक्यापेक्षा या खोटारड्याला जास्त भ्यायचं, आणि त्याला पकडायला तिसरी-चौथीचा भागाकार पुरतो!

चार्जर म्हणजे पंगतीतला वाढपी

आपल्या घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज येते. ही वीज सारखी दिशा बदलत असते, सेकंदाला तब्बल १०० वेळा! बॅटरीला असली चंचल वीज चालत नाही. तिला हवी एकाच दिशेने जाणारी, तीही कमी व्होल्टची. चार्जर हेच काम करतो. घरातली वीज घेतो, तिला एका दिशेने चालायला लावतो, तिचा दाब कमी करतो आणि बॅटरीला वाढतो.

आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. चांगला वाढपी काय करतो? पान रिकामं असतं तेव्हा भराभर वाढतो. पोट भरत आलं की हात आखडता घेतो, "अजून थोडा भात?" असं विचारत थोडं थोडं वाढतो. पानावरच्या माणसाने "आता पुरे" म्हटलं की पुढे सरकतो. चांगला चार्जरही अगदी तसाच वागतो. सुरुवातीला तो ठरलेल्या वेगाने वीज देतो. बॅटरी भरत आली की वीज घेण्याचा तिचा वेग आपोआप कमी होत जातो. अगदीच कमी झाला की चार्जर समजतो, हिचं पोट भरलं. मग लाल दिवा जातो आणि हिरवा लागतो.

बऱ्याच चार्जरमध्ये लाल म्हणजे "वाढतोय" आणि हिरवा म्हणजे "झालं" अशी पद्धत असते. पण सगळ्यांची नसते, बरं का! काही कंपन्या दिवा लुकलुकता ठेवतात, काही वेगळाच रंग देतात. म्हणून गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका रद्दीत टाकायची नसते.

मी वर्गात एकदा विचारलं, "हिरवा दिवा म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बॅटरी फुल्ल!" उत्तर अर्धंच बरोबर आहे. कसं ते पाहा. वाढप्याला एवढंच कळतं की इथे कुणी काही घेत नाही. आता न घेण्याची कारणं दोन. एक, पोट भरलंय. दुसरं, पानावर कुणी बसलेलंच नाही! बॅटरीपर्यंत जाणारी वायर आतून तुटली असेल किंवा पिन सैल असेल, तरी वीज जात नाही आणि दिवा हिरवाच दिसतो. म्हणजे हिरव्या दिव्याचा खरा अर्थ "बॅटरी भरली" असा नाही, तर "वीज आता जात नाहीये" असा आहे. हा फरक ज्याला कळला, तो अर्धा मेकॅनिक झाला असं समजा.

मुका चार्जर: वीज कुठपर्यंत आली?

चार्जर लावला आणि एकही दिवा लागला नाही, तर हा मुका चार्जर. अशा वेळी घाबरायचं नाही आणि आदळआपटही करायची नाही. पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी टाकी बघतो, मग कॉक, मग नळ. इथेही तसंच करायचं. भिंतीपासून निघायचं आणि बॅटरीकडे जायचं. पण आपला एक नियम पाठ करा: हात मोठ्यांचे, डोळे, कान आणि नाक तुमचं! लावणं-काढणं मोठी माणसं करतील, तुम्ही शेजारी उभं राहून वहीत नोंद करायची.

पहिला प्रश्न: सॉकेटमध्ये वीज आहे का? चार्जर बंद करून काढायचा आणि त्याच जागी टेबल-फॅन लावून बघायचा. पंखाही फिरला नाही तर चार्जर बिचारा निर्दोष! एमसीबी पडला असेल किंवा बोर्डात बिघाड असेल. मग वायरमनला बोलवायचं.

दुसरा प्रश्न: प्लग नीट बसलाय का? प्लग सॉकेटात डुगडुगत असेल तर वीज नीट जात नाही आणि तिथेच उष्णता तयार होते. पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लगचं प्लास्टिक पिवळट, वितळल्यासारखं दिसत असेल, तर ते सॉकेट वापरायचंच नाही. तीन पिनांमधली वरची पिन जाड आणि लांब का असते, ठाऊक आहे? ती अर्थिंगची पिन. लांब असल्यामुळे ती सगळ्यांत आधी आत जाते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते, म्हणजे आपलं रक्षण आधी सुरू होतं आणि शेवटी संपतं. प्लग बसत नाही म्हणून ही पिन कापून टाकणारे महाभाग असतात. तसं कधीही करू द्यायचं नाही.

तिसरा प्रश्न: वायर धड आहे का? काही चार्जरची भिंतीकडची वायर चार्जरपासून सुटी होते. ती सैल झालेली असू शकते. बटण बंद करून ती नीट दाबून बसवली की कित्येकदा चार्जर "बोलायला" लागतो. वायर कुठे चेमटली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, वाकते त्या जागी चिरली आहे का, हे लांबूनच बारकाईने पाहा. चिरलेल्या वायरीवर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवायचं नसतं. वायर बदलायची.

चौथा प्रश्न: दुसऱ्या चांगल्या सॉकेटमध्ये लावूनही चार्जर मुकाच आहे का? मग बिघाड चार्जरच्या पोटात आहे. आपला तपास इथे संपला. आता चार्जर पिशवीत घालायचा आणि सरळ सर्व्हिस सेंटरला न्यायचा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हेही लक्षात ठेवा. सॉकेट, वायर आणि बोर्ड असं सगळं एकदम बदललं तर चार्जर चालू होईलही, पण दोष कुठे होता ते कळणार नाही. विज्ञानाच्या प्रयोगाचाही हाच नियम आहे ना?

आणि हो, "नुसतं उघडून बघायला काय हरकत आहे?" असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. हरकत मोठी आहे! चार्जरच्या आत वीज साठवून ठेवणारे छोटे डबीसारखे भाग असतात. त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो. प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकून राहू शकतो. म्हणजे भिंतीपासून सुटलेला चार्जरसुद्धा जबर झटका देऊ शकतो. त्याचे स्क्रू फक्त शिकलेल्या मेकॅनिकनेच काढायचे.

खोटारडा चार्जर: भागाकाराने पकडा

आता येऊ या खोटारड्याकडे. त्याचा दिवा लागतो, लाल-हिरवाही होतो, सगळं कसं झकास दिसतं. मग त्याला पकडायचं कसं? त्यासाठी दोन आकडे हवेत. एक बॅटरीवर असतो, एक चार्जरवर.

बॅटरीवर अँपिअर-अवर असं माप लिहिलेलं असतं. ते म्हणजे तिच्या पोटात किती मावतं त्याचं माप. चार्जरवर "आउटपुट" या शब्दापुढे अँपिअरचा आकडा असतो. तो म्हणजे चार्जरचा वाढण्याचा वेग. समजा, बॅटरी १० अँपिअर-अवरची आहे आणि चार्जर २ अँपिअरचा. तर १० भागिले २ म्हणजे ५ तास. शेवटी शेवटी चार्जर हळूहळू वाढतो, म्हणून तासभर जास्त धरा. थोडक्यात, पूर्ण रिकामी बॅटरी भरायला साधारण सहा तास. अर्धी रिकामी असेल तर तीन-साडेतीन तास.

आता एक छोटी वही करा. तिच्यावर लिहा, "चार्जरची हजेरी". रोज चार गोष्टी टिपायच्या: चार्जिंग सुरू झालं तेव्हा बॅटरी किती भरलेली होती, किती वाजता लावलं, हिरवा दिवा किती वाजता लागला आणि दुसऱ्या दिवशी गाडी किती किलोमीटर चालली. आठवड्याभरात तुमच्या चार्जरची सवय तुम्हाला कळेल. ती सवय अचानक बदलली की समजायचं, काहीतरी बिनसलं आहे.

रिकामी बॅटरी लावली आणि पाच मिनिटांत दिवा हिरवा झाला? इथे वीज जातच नाही. बॅटरीकडची पिन सैल असेल, तिच्यात धूळ किंवा पावसाचं पाणी गेलं असेल, वायर आतून तुटली असेल. बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने दार लावून घेतलेलं असू शकतं. बॅटरी कित्येक महिने न वापरता रिकामी पडून राहिली तर असं होतं. अशी गाढ झोपलेली बॅटरी घरी "जागी" करायचा खटाटोप करायचा नाही. तिला मेकॅनिककडेच न्यायचं.

उलट, सहा तासांचं काम असताना दहा तास झाले तरी दिवा लालच? तर हे जास्त गंभीर आहे. एक तर बॅटरी म्हातारी झाली आहे, नाहीतर चार्जरला थांबायचं कळत नाहीये. पोट भरलेल्या माणसाच्या पानात जिलबीमागून जिलबी टाकणारा वाढपी कसा असतो, तसा हा चार्जर! मोठ्यांना सांगून आधी भिंतीवरचं बटण बंद करायला लावा, मग प्लग काढायला लावा. दोन्ही वस्तू तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावायच्या नाहीत.

मेकॅनिक मल्टिमीटरने चार्जरचा दाब मोजतो. दोन मिनिटांत दूध का दूध, पानी का पानी!

आता नाक आणि कान कामाला लावा. काम करताना चार्जर कोमट होणं साहजिक आहे. घेतलेली सगळीच वीज बॅटरीत जात नाही, थोडी उष्णता होऊन बाहेर पडते. पण हात ठेववत नाही इतका तापणं, जळक्या प्लास्टिकचा वास येणं, चरचर किंवा तडतड ऐकू येणं, डबा फुगलेला किंवा काळवंडलेला दिसणं, यातलं काहीही साहजिक नाही. काही चार्जरमध्ये छोटा पंखा असतो. तो नेहमी घोंघावत असेल आणि एक दिवस गप्प झाला, तर तेही मोठ्यांना सांगा.

उसनी साखर चालते, उसना चार्जर नाही!

आपल्याकडे शेजारधर्म मोठा. वाटीभर साखर, विरजणाला दही, पाहुणे आले तर सतरंजी, सगळं हक्काने मागता येतं. पण चार्जर मात्र उसना आणायचा नाही. का? थोडं गणित करू.

ई-बाईकची बॅटरी म्हणजे एक मोठा सेल नव्हे. तिच्यात छोट्या सेलची रांग असते. खूप गाड्यांमध्ये असणारा लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टचा होतो. असे १० सेल रांगेत असले की बाजारात त्या बॅटरीला ३६ व्होल्टची म्हणतात. तिचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो, कारण १० गुणिले ४.२ म्हणजे ४२. रांगेत १३ सेल असले की ती ४८ व्होल्टची बॅटरी. तिचा चार्जर १३ गुणिले ४.२, म्हणजे ५४.६ व्होल्टचा.

आता गंमत बघा. लिथियमचाच दुसरा एक प्रकार आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याचा सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो. तो १६ च्या रांगेत लावला तर त्या बॅटरीलाही ४८ व्होल्टचीच म्हणतात. पण तिचा चार्जर असतो ५८.४ व्होल्टचा! जुन्या पद्धतीच्या, शिसं आणि आम्ल असलेल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जरही ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो.

म्हणजे तिघींचं आडनाव एकच, "४८ व्होल्ट", पण भूक वेगवेगळी. शेजारच्या काकांचा ५८.४ व्होल्टचा चार्जर आपल्या ५४.६ व्होल्टच्या बॅटरीला लावला तर? पिनही कधी कधी तंतोतंत बसते, त्यामुळे वाटतं, जमलं की! पण प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ ४.५ व्होल्टचा दाब पडायला लागतो. बॅटरीच्या आत संरक्षक सर्किट असतं, ते अशा वेळी दार बंद करतं. पण रखवालदार आहे म्हणून कुणी दार सताड उघडं टाकून झोपतं का? तो रखवालदारच बिघडलेला असला तर सेल तापतात. लिथियम-आयन सेलमधला द्रव पेट घेणारा असतो. एक सेल फार तापला की त्याची उष्णता शेजारच्याला लागते, त्याची पुढच्याला, आणि सगळी रांग भडकते.

म्हणून नवा चार्जर घ्यायचा तो गाडीच्या कंपनीने सांगितलेलाच. पिन बसते का, एवढंच बघायचं नाही. बॅटरीचा प्रकार, व्होल्ट आणि अँपिअर, तिन्ही जुळायला हवेत.

या बॅटरीला वाईट मात्र समजू नका हं! लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिने जग बदललं. तिच्या शोधाबद्दल २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. त्या वेळी गुडइनफ आजोबांचं वय होतं ९७ वर्षं! बॅटरी गुणी आहे, फक्त तिला तिच्या मापाचंच वाढायला हवं.

हे का सांगावं लागतं?

मुलांनो, आता जरा गंभीर होऊन वाचा. २०२२ च्या सप्टेंबर महिन्यात आपल्या वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा खूप भाजला आणि काही दिवसांनी दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. तुमच्याच वयाचा, दुसरी-तिसरीतला मुलगा. त्याचा काय दोष होता?

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात जेवण पोचवणारी हजारो माणसं ई-बाईक वापरतात आणि छोट्याशा घरातच बॅटऱ्या चार्ज करतात. तिथल्या अग्निशमन दलाने २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे लागलेल्या २६८ आगी मोजल्या. त्यात १८ माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून तिथे सुरक्षेची कसोटी पास न झालेल्या ई-बाईक आणि बॅटऱ्या विकायला बंदी झाली.

आपल्या देशातही २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटरना आगी लागल्या आणि सरकारने सुरक्षेचे नियम कडक केले. ते दोन टप्प्यांत लागू झाले, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून. सेल कसे असावेत, संरक्षक सर्किट कसं असावं, गाडीतच बसवलेला चार्जर कसा असावा, हे सगळं त्यांत आलं. पण कारखान्यातले नियम कितीही कडक असले, तरी भलता चार्जर आणून लावला तर त्या नियमांचा काय उपयोग?

धूर दिसला तर?

बॅटरीतून किंवा चार्जरमधून धूर, फुस्स असा आवाज किंवा उग्र वास आला, तर तुम्ही एकच करायचं: ओरडून सगळ्यांना सावध करायचं आणि घराबाहेर पडायचं. बॅटरीला हात लावायचा नाही, ती उचलून बाहेर न्यायला जायचं नाही, आपलं दप्तर घ्यायला मागे फिरायचं नाही. तो धूर विषारी असतो. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करायचा आणि काय पेटलंय ते स्पष्ट सांगायचं: "चार्जिंगला लावलेली लिथियम बॅटरी." आग विझल्यासारखी दिसली तरी अशी बॅटरी पुन्हा भडकू शकते, म्हणून जवानांनी सांगितल्याशिवाय आत जायचं नाही.

आई-बाबांसाठी चार ओळी

(मुलांनो, हा भाग मोठ्यांदा वाचून दाखवा!)

चार्जिंग सगळे जागे असताना करा, रात्री झोपताना लावून ठेवू नका. बॅटरी आणि चार्जर फरशीवर, मोकळ्या हवेत ठेवा. गादीवर, सोफ्यावर किंवा गोधडीखाली नको. बाहेर पडायच्या दारात, पॅसेजमध्ये किंवा जिन्याखाली तर मुळीच नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डावर चार्जर, मिक्सर आणि इस्त्री अशी यात्रा भरवू नका.

उन्हातून आल्याबरोबर बॅटरी लावू नका, तिला आधी निवू द्या. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार्ज करायची असते, आणि विदर्भातला उन्हाळा हा आकडा सहज ओलांडतो. कोकणातल्या पावसात भिजलेली गाडी असेल तर पिना पूर्ण वाळल्याशिवाय चार्जर जोडू नका.

बिघडलेला चार्जर पुन्हा कपाटात ठेवून देऊ नका. सहा महिन्यांनी कुणीतरी तो चांगला समजून लावतं. त्याच्यावर ठळक अक्षरांत "खराब" लिहा आणि तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. जुनी बॅटरी घंटागाडीत कधीही टाकू नका. ती कचऱ्यात दबली तर तिथे पेट घेऊ शकते.

नव्या चार्जरसाठी थांबावं लागलं तर एक-दोन दिवस बसने जावं लागेल, कामाचा खाडा होईल, पैशांची ओढाताणही होईल. हे खरं आहे. पण तेवढ्यासाठी जी घाई होते, ती घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते. आणि मूल जर म्हणालं, "बाबा, चार्जरला वास येतोय," तर "तुला काय कळतंय?" असं म्हणू नका. एकदा उठून बघा.

डोकं चालवा!

१. एका चार्जरवर ५४.६ व्होल्ट लिहिलं आहे. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो. बॅटरीत किती सेलची रांग असेल?

२. बॅटरी १२ अँपिअर-अवरची, चार्जर ३ अँपिअरचा. बॅटरी अर्धी रिकामी आहे. शेवटचा हळू भरण्याचा वेळ सोडला, तर किती तास लागतील?

३. बॅटरीवर एकच काडी दिसते आहे, पण चार्जरचा दिवा हिरवा आहे. बॅटरी भरली का?

उत्तरं: १) १३ सेल. २) २ तास. ३) नाही! वीज जात नाहीये. पिन, वायर की बॅटरी, ते मोठ्यांसोबत शोधा.

तिन्ही बरोबर आली? शाब्बास! आता ती वही काढा, पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि आज संध्याकाळी चार्जरची पहिली हजेरी घ्या. घरी ई-बाईक नसेल तर शेजारच्या ताईला किंवा काकांना ही हजेरी शिकवा. शेजारधर्म असाही पाळता येतो, नाही का?